मेटल-फ्री कॅप आणि ब्रिज: दात तासण्यापासून सिमेंट लागेपर्यंत काय पाहायचं

मेटल-फ्री कॅपचा विषय निघाला की बोलणं लगेच कंपनीवर आणि वॉरंटी कार्डावर जातं. दहा वर्षांची घ्यायची की पंधरा? पण कॅप निघाली, फुटली किंवा आतून दात किडला, तर दोष बहुतेक वेळा आतल्या खुंटात सापडतो, नाहीतर कडेच्या फटीत, नाहीतर सिमेंट लावताना मध्ये आलेल्या लाळेत. म्हणून इथे डॉक्टरांच्या खुर्चीवर ज्या क्रमाने काम होतं त्याच क्रमाने सांगितलं आहे. प्रत्येक टप्प्यावर काय बरोबर, काय चुकतं आणि तुम्ही काय विचारायचं, तेही बरोबर दिलं आहे.

आधी दात पाहा, मग कॅप

रूट कॅनल झालेल्या दाढेला कॅप हवीच. दाढेवर चावण्याचा सगळा भार येतो आणि आतून पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. एखादी सुपारी किंवा मटणातलं हाड दाताखाली आलं की दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून ‘दुखायचं थांबलंय, कॅप नंतर बघू’ म्हणत सहा महिने घालवू नका. पुढच्या दाताचं तसं नाही. रूट कॅनलसाठी मागून पाडलेलं छोटं छिद्र सोडून दात शाबूत असेल, रंगही बदललेला नसेल, तर साधं फिलिंग पुरतं. अशा दाताला कॅपचा आग्रह कोणी धरला तर कारण जरूर विचारा.

किडीने दाढेचा मोठा भाग गेला असेल तर आधी कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, ‘कोअर’ बांधतात, म्हणजे कॅपला धरायला खुंट तयार करतात. इथे एक माप फार महत्त्वाचं आहे. कोअरच्या खाली, हिरडीच्या वर, चहूबाजूंनी खऱ्या दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंचीची भिंत उरायला हवी. पिंपाला लोखंडी पट्टी बांधावी तशी कॅप या भिंतीला कवटाळते. ही भिंत नसेल तर सगळा जोर कोअर आणि पोस्टवर, म्हणजे मुळात रोवलेल्या दांडीवर, येतो आणि काही महिन्यांत कॅप कोअरसकट हातात येते. अशा वेळी हिरडी थोडी खाली घेणं किंवा दात काढून इम्प्लांट करणं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावणं, हे पर्याय आधी बोलून घ्यावेत.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर पहिल्यांदा दात साफ करून घ्या आणि एक-दोन आठवडे थांबा. सुजलेल्या हिरडीशेजारी घेतलेलं माप सूज उतरल्यावर खोटं ठरतं. कॅपची कड उघडी पडते आणि तिथेच कीड शिरते. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर तेही आधीच करा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी शेड, म्हणजे कॅपच्या रंगाची छटा, घ्या. कॅपचा रंग पुढे ब्लीचिंगने बदलत नाही.

झिरकोनिया, ई-मॅक्स आणि वरून थर दिलेली कॅप

धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या जुन्या कॅपमध्ये आत साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटरची धातूची टोपी असते. ती झाकायला अपारदर्शक थर लागतो, त्यामुळे दात मेल्यासारखा दिसतो. हिरडी थोडी खाली सरकली की कडेला करडी-काळी रेघ दिसू लागते. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांची हिरडी अशा कॅपशेजारी लाल राहू शकते. मेटल-फ्रीकडे वळण्याची खरी कारणं ही आहेत. ताकद हे त्यांतलं कारण नाही, कारण चांगली बनवलेली धातूची कॅपही वर्षानुवर्षं टिकते.

मेटल-फ्रीमध्ये आज मुख्यतः दोन पदार्थ चालतात. लिथियम डायसिलिकेट ही काच-सिरॅमिक असते आणि बाजारात ती ई-मॅक्स या नावाने ओळखली जाते. तिची वाकण्याची ताकद, म्हणजे वाकवताना मोडेपर्यंत ती किती जोर सोसते ते, साधारण ४०० ते ५०० मेगापास्कल (ताकदीचं एकक) असते. उजेड तिच्यातून दातासारखा आरपार खेळतो, म्हणून पटाशीच्या दातांना आणि सुळ्यांना ती शोभते. दुसरा पदार्थ झिरकोनिया. तीन टक्के इट्रिया (झिरकोनियात मिसळलेलं एक ऑक्साइड) असलेला जुना प्रकार ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत जातो, पण दिसायला खडूसारखा पांढरट असतो. चार-पाच टक्के इट्रियाचा ‘ट्रान्सलुसंट’ प्रकार जास्त सुंदर दिसतो, पण त्याची ताकद उतरते. पाच टक्क्यांच्या प्रकारात ती ५०० ते ७०० च्या आसपास येते. म्हणजे ‘झिरकोनिया आहे, फुटणारच नाही’ हे सरसकट खरं नाही. कुठल्या प्रकारचा झिरकोनिया, हे विचारायलाच हवं.

झिरकोनियाच्या ताकदीमागचं गुपित त्याच्या स्फटिकांत आहे. चीर पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक आपलं रूप बदलतात आणि तीन-चार टक्क्यांनी फुगतात, त्यामुळे चीर जागेवरच आवळली जाते. इट्रिया वाढवला की हे रूप बदलणं कमी होतं, आणि म्हणूनच सुंदर झिरकोनिया नाजूक ठरतो.

आता निवड. शेवटच्या दाढा, झोपेत दात खाण्याची सवय, समोरच्या जबड्यातही कॅपच आहे, अशा ठिकाणी अखंड झिरकोनिया घ्या, म्हणजे वर पोर्सिलेनचा थर नसलेला. पुढचे दात आणि पहिली उपदाढ यांना ई-मॅक्स चांगलं दिसतं. मात्र आतला खुंट काळवंडलेला असेल किंवा त्यात धातूची पोस्ट असेल तर पारदर्शक ई-मॅक्समधून तो काळेपणा झिरपतो. अशा खुंटाला ई-मॅक्सचा अपारदर्शक प्रकार लागतो, नाहीतर झिरकोनियाचा पाया. डॉक्टरांनी दात तासल्यावर खुंटाच्या रंगाचा फोटो लॅबला पाठवलाच पाहिजे.

झिरकोनियावर पोर्सिलेनचा थर दिलेली कॅप दिसायला देखणी असते, पण दाढेवर तिचे टवके उडतात. आतला झिरकोनिया १००० मेगापास्कलचा आणि वरचं पोर्सिलेन जेमतेम ६० ते १०० चं, मग चकली चावताना कोण हरणार हे उघड आहे. आमच्या मते अशी कॅप पुढच्या दातांपुरतीच ठेवावी.

ब्रिज कधी, किती लांबीचा

ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवरच्या कॅपना जोडून मधे धरलेला खोटा दात. एक दात गेला आणि दोन्ही बाजूंच्या दातांना तशाही कॅप लागणारच आहेत, तर ब्रिजसारखा सोयीचा उपाय नाही. पण शेजारचे दोन्ही दात अखंड, न किडलेले असतील, तर ब्रिजसाठी ते तासण्याआधी इम्प्लांटचा विचार करा. तासलेलं इनॅमल परत येत नाही. पुढचा एखादा छोटा दात गेला असेल तर आणखी एक मार्ग आहे. एका बाजूच्या दाताच्या मागे पंख चिकटवून धरलेला झिरकोनियाचा दात बसवता येतो, त्यात तासणं जवळजवळ नसतं.

ब्रिज मोडतो तो जोडावर, जिथे दोन दात एकमेकांना चिकटलेले असतात. झिरकोनियात हा जोड पुढे साधारण ७ ते ९ चौरस मिलिमीटर आणि मागे ९ ते १२ चौरस मिलिमीटर हवा. ई-मॅक्सला तब्बल १६ लागतो. त्यामुळे ई-मॅक्सचा ब्रिज तीनच दातांचा आणि दुसऱ्या उपदाढेच्या मागे न जाणारा असावा. दाढा बुटक्या असतील तर एवढ्या जाडीचा जोड मावत नाही. मग लॅब जोड बारीक करते किंवा हिरडीवर टेकवते. पहिल्यात ब्रिज मोडतो, दुसऱ्यात हिरडी सडते. अशा जागी धातूचा सांगाडा अजूनही जास्त भरवशाचा आहे, आणि एखाद्या डॉक्टरांनी तसं सांगितलं तर ते मागे पडलेले आहेत असं समजू नका.

मागच्या बाजूला आधार नसताना एकाच दातावर लोंबकळणारी दाढ जोडून घेऊ नका. दात काढल्यानंतर पक्क्या ब्रिजसाठी निदान सहा ते आठ आठवडे थांबा. हाड आणि हिरडी खाली बसत असते. घाईत बसवलेल्या ब्रिजखाली नंतर फट पडते आणि पोह्यांचा कण तिथेच अडकून बसतो.

पहिली बैठक: शेड, तासणं, माप

शेड दात तासायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकलेला दात पांढरा दिसतो. त्यावर बेतलेली कॅप दोन दिवसांनी शेजारच्या दातांपेक्षा उजळ दिसते. नेहमीच्या शेड गाइडमध्ये सोळा पट्ट्या असतात, ए-१ पासून डी-४ पर्यंत. पट्टी दाताशेजारी धरून पाच-सात सेकंदच पाहायची, मग नजर हटवायची, कारण डोळा त्या रंगाला सरावतो. लिपस्टिक पुसून जा. गडद लाल किंवा भगवा कपडा घातला असेल तर वर करडा नॅपकिन टाकायला सांगा. अपॉइंटमेंट शक्यतो दिवसा घ्या आणि खिडकीशी उभं राहून आरशात स्वतः पाहा. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तेव्हा ट्यूबलाइटखाली ठरवलेल्या शेडवर लगेच होकार देऊ नका.

दाढेसाठी अखंड झिरकोनियाला वरून साधारण १ ते १.५ मिलिमीटर, ई-मॅक्सला १.५, आणि थर दिलेल्या कॅपला १.५ ते २ मिलिमीटर जागा लागते. कडेने सुमारे १ मिलिमीटरची गोलसर पायरी ठेवतात. सगळे कोपरे गुळगुळीत हवेत, कारण धारदार कोपऱ्यावर सिरॅमिकला चीर जाते. भिंती थोड्याच निमुळत्या हव्यात. खुंट शंकूसारखा झाला की कॅप बाटलीच्या सैल बुचासारखी निघत राहते. दाढेच्या खुंटाची उंची ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना विचारा की कॅप कशाच्या जोरावर धरून राहणार आहे.

मापाच्या वेळी हिरडीच्या खाचेत बारीक दोरा भरतात. तो टोचतो, थोडं दुखतं, पण दोरा टाळला की कड दिसत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की स्कॅनर असला की चुकीला जागाच नाही. स्कॅनर हा शेवटी कॅमेरा आहे. रक्ताखालचं आणि हिरडीखालचं त्याला दिसत नाही. पडद्यावर तुमच्या खुंटाचं चित्र दिसेल, त्यात खालची कड सलग रेघेसारखी ओढलेली दिसते का ते पाहा. कुठे ती पुसट किंवा वितळल्यासारखी वाटली तर तेवढा भाग परत स्कॅन करून घ्या. सिलिकॉनच्या मापातही तसंच. कडेवर बुडबुडा किंवा फाटलेला भाग असेल तर दुसरं माप हवं.

लॅबमध्ये काय होतं

झिरकोनियाची कॅप अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या चकतीतून कोरतात. चकतीचा व्यास साधारण ९८ मिलिमीटर असतो. कोरताना कॅप मुद्दाम २० ते २५ टक्के मोठी ठेवतात. नखाने ओरखडा उठेल इतकी ती तेव्हा मऊ असते. मग भट्टीत १४५० ते १५५० अंश सेल्सिअसला भाजली की ती आकसून बरोबर मापावर येते. लांब ब्रिज भट्टीतून हळूहळू थंड करावा लागतो, घाई केली की तो किंचित वाकतो आणि खुंटावर डुगडुगतो. ई-मॅक्सचा मशीनने कोरायचा ठोकळा चक्क जांभळा असतो. कोरून झाल्यावर सुमारे ८४० ते ८५० अंशांना तापवला की दाताचा रंग उतरतो. क्लिनिकमध्येच मशीन असेल तर एका बैठकीत कॅप मिळते ती बहुधा हीच. लॅबमार्फत काम असेल तर आठवडाभर धरून चाला.

या आठवड्यात तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप असते. ती निघाली तर जपून ठेवा आणि लगेच फोन करा. फेव्हिक्विकने चिकटवू नका. चार-पाच दिवस खुंट उघडा राहिला तर शेजारचे दात सरकतात, समोरचा खाली येतो आणि नवी कॅप बसत नाही. लाडू, चिक्की, ऊस हे दुसऱ्या बाजूने खा. फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, दातांतून वर उचलू नका, बाजूने ओढून काढा.

कॅप बसवण्याचा दिवस

हा दिवस घाईत उरकू नका. गणपतीला कोकणात जायच्या आदल्या दिवशी कॅप पक्की करायला जाऊ नका. बसवल्यानंतर एक-दोनदा बाइट, म्हणजे चावताना दात नीट जुळतात का ते, तपासायला जावं लागतं, त्यासाठी हाताशी निदान एक आठवडा हवा.

सिमेंटच्या आधी चार गोष्टी बघा. पहिली, डॉक्टरांनी कॅपची कड बारीक टोकाच्या सुईने फिरून तपासली का. टोक अडखळलं तर तिथे पायरी किंवा फट आहे. दुसरी, शेजारच्या दातांशी स्पर्श: फ्लॉस ‘टक्’ करून आत जायला हवा. सहज सरकला तर अन्न अडकणार, फाटून आला तर कडेला काहीतरी खरबरीत आहे, आणि अजिबात गेला नाही तर कॅप पूर्ण खाली बसलेलीच नाही. तिसरी, रंग आणि आकार, खिडकीशी, आरशात. चौथी, ब्रिज असेल तर मधला खोटा दात हिरडीला नुसता टेकलेला हवा. तो रुतून हिरडी पांढरी पडली आणि काही मिनिटांत गुलाबी झाली नाही, तर लॅबला परत पाठवा. नापसंती आत्ताच सांगा. सिमेंट लागल्यावर झिरकोनियाची कॅप कापूनच काढावी लागते. एक सावधगिरी: ई-मॅक्स चिकटायच्या आधी जोरात चावून बघू नका. सिमेंटचा आधार मिळेपर्यंत ती पातळ काचच आहे.

आता सगळ्यात जास्त चुका होतात तो भाग. ई-मॅक्स आतून ५ टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने सुमारे २० सेकंद खरखरीत करतात, धुऊन सुकवतात आणि मिनिटभर सिलेन, म्हणजे सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव, लावतात. झिरकोनियात काच नसल्याने या अ‍ॅसिडचा त्यावर उपयोग होत नाही. त्याला ५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाची वाळू १ ते २ बार दाबाने मारून एमडीपी (झिरकोनियाला घट्ट धरणारं रसायन) असलेला प्रायमर लावतात. तोंडात घालून बघितलेल्या झिरकोनियाला लाळेतला फॉस्फेट घट्ट चिकटतो. तो फॉस्फोरिक अ‍ॅसिडने जात नाही, उलट त्या अ‍ॅसिडचाही फॉस्फेटच असल्याने चिकटण्याची जागा आणखी व्यापली जाते. म्हणून ट्रायलनंतर परत वाळू मारणं किंवा खास क्लीनिंग पेस्ट लावणं गरजेचं आहे. खुंट उंच आणि भिंती सरळ असतील तर झिरकोनिया साध्या ग्लास आयनोमर सिमेंटवरही चांगला टिकतो. बुटक्या खुंटाला जास्त घट्ट चिकटणारं रेझिन सिमेंटच हवं. तात्पुरत्या कॅपखाली लवंगेच्या वासाचं, म्हणजे युजेनॉलचं सिमेंट वापरलेलं असेल, तर ते रेझिन सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही. हे कामाच्या सुरुवातीलाच ठरवायला हवं.

सिमेंट अर्धवट घट्ट झालं की बाहेर आलेलं काढतात. दातांच्या मधे फ्लॉस फिरवून घ्या. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण महिनोन् महिने सूज ठेवतो.

शेवटी बाइट. खुर्चीवर आडवं असताना आणि जबडा बधिर असताना ‘ठीक वाटतंय’ म्हणू नका, त्या वेळी कळतच नाही. ताठ बसून रंगीत कागदावर सरळ चावा, मग जबडा डावी-उजवीकडे घासून बघा. कॅप उंच लागत असेल तर डॉक्टर पाणी सोडत बारीक डायमंड बरने, म्हणजे फिरणाऱ्या टोकाने, घासतील, आणि त्यानंतर पॉलिश करणं अत्यावश्यक आहे. गुळगुळीत झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा झिजवत नाही, पण खरबरीत राहिला तर कानसेसारखं काम करतो. घासलेल्या जागेवर जीभ फिरवा. काचेसारखी लागली पाहिजे.

नंतरच्या तक्रारी ओळखणं

जिवंत दातावर कॅप असेल तर थंड पाण्याने काही आठवडे दात आंबल्यासारखा होतो आणि हळूहळू कमी होतं. चावताना नेमकी कळ येत असेल तर बहुधा कॅप उंच आहे. दोन-तीन दिवसांत जाऊन बाइट कमी करून घ्या, महिनाभर सोसू नका. काही न खाता, रात्री आडवं झाल्यावर ठणका लागत असेल तर आतली नस सुजलेली आहे आणि रूट कॅनल लागू शकतं. ते कॅपमधून छिद्र पाडून करता येतं. ब्रिजच्या एका टोकाला दाबल्यावर बुडबुडे किंवा घाण वास येत असेल तर त्या टोकाचं सिमेंट सुटलं आहे. दुसरं टोक घट्ट असल्याने ब्रिज हलत नाही आणि आत दात गुपचूप किडत जातो. याकडे त्याच आठवड्यात लक्ष द्या.

रोजची काळजी थोडक्यात. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर फिरवायचा. ब्रिजच्या खोट्या दाताखालून सुपरफ्लॉस किंवा दातांमधला बारीक ब्रश ओवायचा, रोज रात्री. झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं प्लॅस्टिकचं आवरण, लावायचा. सुपारी आणि मिश्री सोडायची. फ्लोराइड जेल लावणार असतील तर ते न्यूट्रल असावं. आम्लयुक्त जेल काच-सिरॅमिकची चकाकी खाऊन टाकतं. सहा महिन्यांनी तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे. झिरकोनिया एक्स-रेत धातूसारखा पांढराफटक दिसतो, त्यामुळे त्याच्या आड लपलेली कीड दिसत नाही. कडेच्या खालचा भागच काय तो वाचता येतो.

मुंबईत काम करून घेताना

निदान तीन-चार फेऱ्या होतात, म्हणून क्लिनिक घराच्या किंवा रोजच्या स्टेशनच्या जवळचं निवडा. लांबचा ब्रिज किंवा पुढच्या दातांचं काम असेल तर प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर, पाहा. खर्च आवाक्याबाहेर वाटत असेल तर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, सकाळी लवकर पोहोचावं लागतं.

खासगीत दर विचारताना एकच आकडा घेऊ नका. त्यात कोअर, तात्पुरती कॅप, एक्स-रे आणि नंतरची बाइटची तपासणी धरली आहे का, हे विचारा. वॉरंटी कार्डावर कॅपचा नंबर असतो. ती वॉरंटी सहसा लॅबने कॅप परत बनवून देण्यापुरती असते. जुनी कापणं, नवं माप आणि डॉक्टरांची फी बहुधा वेगळी लागते, आणि आतला दात किडला तर ती लागू होत नाही. कार्डाबरोबर एका कागदावर कॅपचा पदार्थ आणि त्याचा प्रकार, शेड, सिमेंटचं नाव आणि तारीख लिहून घ्या आणि तासण्याआधीच्या एक्स-रेसोबत फाइलला लावून ठेवा. दहा वर्षांनी त्याच दाताला रूट कॅनल करायची वेळ आली, तर समोर बसलेल्या डॉक्टरांना कुठला बर घ्यायचा आणि किती जपून जायचं, हे त्या कागदावरून कळेल.